लातूरचा दुसरा उकार

जिल्हा नवा झाला आणि त्याच्या मागोमाग पाऊस रुसला. रेणापूरच्या पारावर बसलेली म्हातारी माणसं म्हणायची, जुन्या जिल्ह्याच्या पत्त्यावर जाऊन थांबला असेल बिचारा. पत्ता बदलल्याचं त्याला कुणी कळवलंच नसेल.

ढगांना कळवायची सोय नव्हती, भिंतींना होती. शाळेची भिंत, दवाखान्याची पाटी, जीपचं दार, पाण्याची कोरडी टाकी, जिथं जिथं जुन्या जिल्ह्याचं नाव होतं तिथं तिथं ते पुसून 'जि. लातूर' लिहायचं होतं. विहिरींचे तळ उघडे पडले होते, बाजारातून कडबा नाहीसा झाला होता, दुकानदार आपल्याच दुकानात बसून माशा वारत होते. अशा त्या सालात एका माणसाला मात्र मान वर करायला सवड नव्हती. तो म्हणजे वीरण्णा पेंटर.

वीरण्णा मूळचा उदगीरकडचा. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, कानामागं ब्रश. बोलता बोलता मधेच कानडीत शिरायचा, आणि शिवी द्यायची असली तर हटकून शिरायचा. एवढं काम येऊनही त्यानं पगारी माणूस ठेवला नाही. सरकारनं नेमकी तेव्हाच योजना काढली होती. शिकलेल्या बेकारांनी एखाद्या दुकानात काम शिकावं, शिकेपर्यंत विद्यावेतन सरकार देईल, आणि शिकून झालं की मालकानं पसंत पडल्यास ठेवून घ्यावं. 'पसंत पडल्यास' हे दोन शब्द वीरण्णाला सगळ्या योजनेत जास्त आवडले होते.

अशा शिकाऊ माणसाला कागदोपत्री 'उमेदवार' म्हणत. वीरण्णाकडं आलेली उमेदवार म्हणजे शिवकांता.

ती आली चुकून. रेणापूरजवळच्या खेड्यातली मॅट्रिक झालेली पोरगी. बाप लहानपणीच गेलेला. माय, उमाबाई, रोजगार हमीच्या रस्त्यावर खडी फोडून घर ओढत होती. लेकीनं खडीवर येऊ नये एवढी एकच गोष्ट तिनं देवाकडं मागितली होती, आणि देवानं ती रोजगाराच्या ऑफिसाकडं पाठवून दिली होती. शिवकांताला नव्या कचेरीत कारकून व्हायचं होतं. नाव नोंदवताना 'विशेष गुण' या रकान्यात काय लिहावं ते तिला सुचेना, तेव्हा तिनं खरं ते लिहिलं: अक्षर वळणदार. तिथल्या कारकुनानं ते वाचलं, डोकं खाजवलं, वळणदार अक्षर कुणाला लागतं याचा विचार केला आणि तिला पेंटरकडं पाठवून दिलं. त्या साली माणूस आणि काम इतकं चपखल त्यानं दुसरीकडं कुठंच बसवलं नव्हतं.

"बाईमाणूस?" वीरण्णा तिला बघून म्हणाला. "शिडीवर चढशील का?"

"माय खडी फोडती अण्णा. मला शिडीचं काय."

"अन् पडलीस तर?"

"तर सरकार बघंल की."

वीरण्णा हसला. "यव्वा, निम्मं काम तर तू घरूनच शिकून आलीस."

गावात मात्र गोंधळ उडाला. शिवकांता उमेदवार झाली म्हटल्यावर शेजारची धोंडाबाई लगालगा दारात आली.

"कोन्त्या पक्षाकडून गं उभी ऱ्हायलीस?"

"सरकारकडून, मावशे."

"अन् निशानी?"

"ब्रश."

"मग देते की मत. पर निवडून आलीस की पयला टँकर आमच्या गल्लीत आला पायजे, सांगून ठिवते."

शिवकांता रोज सकाळच्या एसटीनं लातूरला जाई आणि संध्याकाळच्या एसटीनं परत येई. पहिले काही दिवस तिनं नुसतं खरवडलं. जुन्या जिल्ह्याचं नाव पत्र्यावरून खरवडताना रंगाचे पापुद्रे तिच्या केसांत पडत. मग रंगाखालचं अस्तर द्यायला शिकली. मग दोन टोकांना खिळे मारून खडूची दोरी ताणायची आणि टणकन सोडायची, की भिंतीवर सरळ रेघ उमटते, ते शिकली. आणि मग एके दिवशी वीरण्णानं तिच्या हातात ब्रश दिला.

ब्रश हातात आला आणि तिला वाटलं, हे तर आपल्याला येतंच. लहानपणी माय सारवलेल्या अंगणात चार बोटांनी रांगोळी सोडायची, तसा रंग बोटांतून उतरत होता. डाव्या हातातल्या आडव्या काठीवर उजवं मनगट टेकवून ती उभी रेघ खाली ओढायची तेव्हा श्वास धरायची, आणि रेघ जमिनीला लागल्यासारखी थांबली की सोडायची. तिचा 'ल' पदर सावरून बसलेल्या बाईसारखा दिसायचा. तिचा 'त' वाकून नमस्कार करायचा. नवा जिल्हा तिच्या हातून भिंतीभिंतीवर जन्माला येत होता, आणि बारशाचं जेवण तेवढं कुठं नव्हतं.

वीरण्णा हे बघत होता. कामाच्या बाबतीत त्याची नजर चोख होती. पहिल्यांदा त्याला आनंद झाला, मग काळजी वाटली.

एका दुपारी दुकानात चहा पिता पिता तो म्हणाला, "शिवकांता, तुझे दिवस भरत आले. पुढल्या आठवड्यात तपासनीला साहेब येतेत."

"मग?"

"मग काय. साहेब बघनार. शिकली असशील तर लिवतील, शिक्षण पूर्ण. म्हंजे विद्यावेतन बंद."

"अन् मग तुमी ठिवून घ्याल ना मला? पसंत पडल्यास?"

वीरण्णानं कपातल्या चहाकडं पाहिलं. "पसंत तर तू पडलीस गं. पर पगार कुठून देऊ? समदं जग उधारीवर चालू हाय. झेडपीच्या शाळांचं मोठं काम येऊन राहिलंय. ते हातात आलं की तुला कायम करतो, माज्या लिंगाची शपथ. तवर कसं तरी सरकारच्या पदराखाली ऱ्हा."

"ते कसं?"

"कच्ची हाय म्हनायचं. शिक्षण अपूर्ण म्हनलं की मुदत वाढवून देतेत."

"पर मी कच्ची कुठं हाय?"

"तेच तर झालंय ना यव्वा!" वीरण्णा कळवळून म्हणाला. "साहेबासमोर जरा बिघडव. लई न्हाई. लई बिघडवलंस तर म्हनतील, ह्या पेंटरनं काय शिकवलं? जरासं. भाजीत मीठ कमी पडल्यावानी."

तिला ते विचित्र वाटलं. पण खडी तिला डोळ्यांसमोर दिसत होती. उन्हात तापलेले दगड, मायच्या बोटांना बांधलेल्या चिंध्या. काम सुटलं की पुढच्या सोमवारी तिची जागा मायच्या शेजारी होती. कायम झाली, तर माय खडीवरून उठणार होती. एवढं साधं होतं ते.

मग ती बिघडवायला शिकू लागली, आणि सगळ्या शिक्षणात हाच धडा तिला जमेना. दुकानामागच्या पत्र्यावर तिनं 'स' वाकडा काढला, तर तो लाडानं मान वेळावल्यासारखा दिसला. रंग पातळ करून ओघळ सोडला, तर ओघळही दोरीनं आखल्यासारखा सरळ खाली आला. अक्षरं लहान-मोठी काढली, तर गल्लीतला शिंपी म्हणाला, "वा! नवीन फ्याशन दिसती. माज्या दुकानावर अशीच काढून द्या."

"तुज्या हाताला खोटं बोलता येत न्हाई," वीरण्णा हताश होऊन म्हणाला.

शेवटी तिलाच युक्ती सुचली. अक्षर बिघडत नाही, तर शुद्धलेखन बिघडवू. 'लातूर'मधला उकार दुसरा, म्हणजे दीर्घ. तो पहिला काढायचा. अक्षर सुबक, नाव चुकलेलं. भाजीत मीठ कमी.

"शाबास!" वीरण्णानं मांडीवर थाप मारली. "जिल्ह्याच्या पोरीला जिल्ह्याचं नाव लिवता येईना. यापक्षा कच्चं काय असतंय?"

तपासणी ठरली नांदेड रस्त्यावर. जिथं लातूर जिल्हा संपतो आणि नांदेड जिल्हा लागतो तिथं एक मोठी लोखंडी पाटी उभी केली होती, आणि तिच्यावर 'लातूर जिल्हा आपले सहर्ष स्वागत करीत आहे' असं लिहायचं काम वीरण्णाकडं होतं. रस्त्याच्या कडेला एक वस्ती होती. नांदेडहून पाण्याचा टँकर यायचा तो तिथंच थांबायचा. म्हणून पाटीखाली घागरींची लांब रांग आणि रांगेत अख्खी वस्ती. नव्या जिल्ह्यात पहिलं पाऊल टाकणाऱ्याला सहर्ष स्वागताच्या खाली आधी रिकामी भांडी दिसणार होती, पण पाटीवर तसं लिहिण्याचा ठराव झाला नव्हता.

साहेब जीपमधून उतरले. साधे, थकलेले गृहस्थ. गावोगाव हिंडून त्यांनी पुष्कळ उमेदवार पाहिले होते. शिंप्याकडं चहा आणणारे, गॅरेजात मालकाची म्हैस धुणारे. वर पाठवायला त्यांना एक तरी 'पूर्ण' हवं होतं.

शिवकांता शिडीवर होती. तिनं 'ला' काढला, 'त' काढला, श्वास धरला आणि 'त'च्या पायाशी पहिला उकार काढला. मग 'र'. लातुर. ताटात केस दिसावा तसा तो उकार तिला दिसला.

साहेब लांब जाऊन, डोळे बारीक करून बघत राहिले.

"वा," ते म्हणाले. "सुरेख!"

वीरण्णा खोकला. "साहेब, नीट बगा. पोर कच्ची हाय."

"कुठं कच्ची? किती छान काढलंय."

"साहेब, ते नाव…"

"नावाचं काय?"

"उकार साहेब. पयला पडला. दुसरा पायजे हुता."

साहेबांनी पुन्हा पाहिलं. "मी तर असंच लिहितो," ते म्हणाले आणि जीपच्या ड्रायव्हरकडं वळले. "काय रे, बरोबर आहे ना?"

"बराबर हाय की साहेब. समदीकडं असंच ऱ्हातंय."

पाण्याचा टँकर नुकताच येऊन थांबला होता. त्याचा ड्रायव्हर शेषेराव, अर्धापूरचा, केळीच्या गावचा गडी, खाली उतरून कमरेवर हात ठेवून उभा राहिला. टँकर पूर्वी रॉकेल वाहायचा, आणि त्याच्या पोटावरचं 'रॉकेल' अजून स्वच्छ वाचता येत होतं.

"आमी 'लातुरात' लिवतो तवा पयलाच काढतो," शेषेराव म्हणाला. "मग लातूर एकटं असलं तर दुसरा कशापायी? एकट्या मानसाला मोठी शेपटी कशाला?"

रांग हसली. एक म्हातारी म्हणाली, "शेपटी राहू द्या बाबांनो, आधी पाइप सोडा."

रांगेत वस्तीच्या शाळेचे, श्रीमंत नावाचे गुरुजी घागर घेऊन उभे होते. ते पुढं आले. घागर खाली ठेवली, कारण घागर हातात घेऊन व्याकरण सांगणं त्यांना बरं वाटेना.

"वीरण्णांचं बरोबर आहे," गुरुजी म्हणाले. "लातूर एकटं उभं असलं की दुसरा उकार. 'आत' शिरलं, 'लातुरात' झालं, की उकार आखडतो. पाटी हद्दीवर आहे, म्हणजे लातूर बाहेर उभं आहे. इथं दुसराच हवा."

"म्हंजे बाहेर असलं की ऐसपैस, अन् आत शिरलं की आखडायचं?" शेषेरावनं विचारलं.

"व्याकरणात तसं आहे."

"व्याकरणातच न्हाई गुरुजी, सासरीबी तसंच हाय," रांगेतली एक बाई म्हणाली आणि बायांमध्ये हशा उठला.

साहेबही हसले. "चला, म्हणजे आज मीही शिकलो. तर बाईंची चूक झाली म्हणायची."

वीरण्णाला हायसं वाटलं. आता त्यानं आवाज चढवला. हे सगळं आधी ठरलेलं होतं, शिवकांताच्या पुढ्यातच ठरलेलं होतं.

"तेच म्हनतो साहेब! हात बसला न्हाई तिचा. डोकंबी चालत न्हाई. जिल्ह्याचं नाव येत न्हाई हिला, पुढं काय करनार? हिच्याच्यानं हे व्हनार न्हाई येवढ्यात. आजून सहा म्हैने तरी लागतेत बगा."

"ब्रश काढून घ्या अन् घागर द्या हातात," शेषेराव म्हणाला. "रांगेला लावा पोरीला."

पुन्हा हशा. शिडीवर उभ्या शिवकांताच्या कानांत तो खालून वर चढत आला. सगळं ठरल्याप्रमाणं चाललं होतं. गप्प उभं राहायचं, मान खाली घालायची, बस. त्या हशातूनच तिला खडी टाळायची आणि मायला खडीवरून उठायची वाट होती.

"बाई," साहेब म्हणाले, "दुरुस्त करून बघा बरं. जमतंय का बघू."

वीरण्णानं खालून तिच्याकडं पाहिलं आणि मान बारीक हलवली. न्हाई.

तिनं टर्पेंटाइनच्या फडक्यानं ओला उकार टिपून काढला. ब्रश रंगात बुडवला. आता नुसता हात थरथरवायचा होता. रेघ तुटली असती, रंग सांडला असता, मुदत वाढली असती. तिनं मनगट काठीवर टेकवलं. जात्याचा खुंटा धरला की हाताला फिरायचं कुणी सांगावं लागत नाही. ब्रश 'त'च्या पायाशी लागला आणि फिरला. भरदार सुरू झाला, वळणावर नाजूक झाला, आणि शेपटी सोडताना असा हलकेच उचलला गेला की जणू पाखरू फांदीवरून उडालं आणि फांदी तेवढी हलत राहिली.

रांगेतल्या माना वर झाल्या. श्रीमंत गुरुजींनी उगाचच चष्मा काढून पुसला.

"एवढ्याचसाठी सहा महिने?" साहेब वीरण्णाला म्हणाले. त्यांचा चेहरा खुलला होता. वर्षातलं पहिलं 'पूर्ण' त्यांना सापडलं होतं. "अहो, ही शिकलेली आहे! तुम्ही उगीच कमी लेखता. अशा उमेदवाराला आणखी अडकवून ठेवणं म्हणजे अन्यायच." त्यांनी तिथंच जीपच्या बॉनेटवर लिहून टाकलं, शिक्षण पूर्ण. मग वीरण्णाचा हात हातात घेऊन त्याचं अभिनंदन केलं, आणि पुढच्या आठवड्यात नवा उमेदवार पाठवतो असं वचन दिलं.

जीप गेली. शिवकांता शिडीवरून उतरली. वीरण्णा पाटीखालच्या दगडावर बसला होता.

"काय केलंस हे?" तो म्हणाला. रागावलेला नव्हता, रागवायला त्याच्यात जोर उरला नव्हता.

"हात गेला अण्णा."

"लई चांगला गेला. त्या हातापायीच गेलीस." त्यानं पाटीकडं वर पाहिलं. "असा दुसरा उकार मला जलमात जमला न्हाई. देवा शिवा! आता मी तुला कसा ठिवू? नवीन पोरगा फुकट येनार. तुला पगार दिला तर बायकू मला घरात घेनार न्हाई."

"झेडपीचं काम?"

"ते आलं तरी… फुकटचा पोरगा असतानी…" त्याचं वाक्य आत शिरल्यासारखं आखडून गेलं.

खोटं बोलला नाही, एवढं त्याचं मोठेपण. त्यानं आपला सगळ्यात चांगला सपाट ब्रश तिच्या हातात ठेवला आणि म्हणाला, उरलेलं स्वागत मी लिहितो, तू जा. ती पाटी बघितली तर 'लातूर' एका हाताचं आणि 'सहर्ष' दुसऱ्या हाताचं आहे हे कुणालाही कळेल. 'सहर्ष' जरा उतरलेलं आहे.

ती एसटीसाठी हात करायला रस्त्यावर आली तर शेषेराव पाइप गुंडाळता गुंडाळता म्हणाला, "ओ पेंटरबाई! मघाशी बोललो ते मनावर घेऊ नका."

"घेतलं."

"बरं, घ्या. पर माज्या टँकरवरचं हे रॉकेल पुसून द्याल का? नांदेडला मालकाचे लई टँकर उभे हायत. समदे रॉकेलचे, आता पान्यावर लावलेत. अधिकारी मानत न्हाईत. 'पिण्याचे पाणी' ठसठशीत लिवलेलं पायजे म्हनतेत, तवाच टँकर सोडतेत."

"अन् पाण्याला रॉकेलचा वास येतो त्याचं?"

"वासाचं कुनी इचारत न्हाई. अक्षर चांगलं पायजे."

"कायम हाय का काम?"

शेषेरावनं वर आभाळाकडं पाहिलं. निळंशार, कोरं, अस्तर दिलेल्या पत्र्यासारखं.

"दुष्काळ हाय तवर हाय," तो म्हणाला. "पाऊस पडला की टँकर पुन्हा रॉकेलला. मग काम न्हाई."

त्या संध्याकाळी उमाबाईनं चुलीपाशी सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे शिकली न्हाईस म्हनून काढलं?"

"न्हाई माय. शिकले म्हनून काढलं."

उमाबाईनं चुलीतलं लाकूड पुढं सारलं. तिला ते समजलं नाही, पण खडीवर बसून सरकारचं पुष्कळ काही न समजण्याची तिला सवय झाली होती. "बरं," ती म्हणाली, "नांदेडला तुजी मावशी महानंदा हाय. चल. मीबी येते. एकटीला कशी धाडू?"

असं करून नव्या जिल्ह्याचं नाव भिंतीभिंतीवर लिहिणारी शिवकांता जिल्हा ओलांडून नांदेडला गेली. टँकरच्या अड्ड्यावर पत्र्याच्या पोटांची रांग लागलेली असे. ती 'रॉकेल' खरवडायची, अस्तर द्यायची आणि वर निळ्या रंगात 'पिण्याचे पाणी' लिहायची. पैसे मालक रोजच्या रोज द्यायचा. कुणी उमेदवार म्हणत नव्हतं. सगळे बाई म्हणत, पेंटरबाई म्हणत. उमाबाई खडीवरून उठली, ती उठलीच. महानंदाच्या घरी ती दळण करायची, आणि दुपारी लेकीसाठी भाकरी घेऊन अड्ड्यावर यायची.

अशाच एका दुपारी टँकरच्या सावलीत बसून उमाबाई भाकरीचं फडकं सोडत होती. रस्त्यावरून हाडं निघालेली गुरं चालली होती. त्यांच्याकडं बघता बघता तिच्या तोंडून ओवी निघाली, आणि निघाली ती मोकळ्या गळ्यानं:

मेघराया, मेघराया, कुठं घेतलास इसावा
भुईच्या ह्या भेगंमंदी तुझा थेंब दिसावा

शिवकांताचा हात 'पाणी'च्या वेलांटीवर थांबला. गुरं तिलाही दिसत होती. त्यांच्या बरगड्या मोजता येत होत्या. आपल्या गावची विहीर, धोंडाबाईची रिकामी घागर, सगळं दिसत होतं. रांगेत अजून लिहायचे राहिलेले टँकरही दिसत होते.

"माय," ती शिडीवरून म्हणाली.

"काय गं?"

"जरा हळू म्हण."

उमाबाईनं मान वर करून लेकीकडं पाहिलं. तिनं आवाज खाली घेतला. ओवी मात्र पुरी केली.